लेकीच्या घरचा घास

दोन हजार तीन साल. मला अडुसष्टावं लागलं होतं आणि तुम्ही बहात्तरचे होता, म्हणजे रेल्वेच्या कागदावर बहात्तर. खरं वय तुमच्या आईलाही ठाऊक नव्हतं, असं तुम्हीच सांगायचा. त्या उन्हाळ्यात आमच्या अनिलनं तुम्हाला दौंडहून शिरूरला आणलं. एसटीतून उतरताना तुम्ही जावयाचा हात झटकला आणि मला म्हणालात, "व्याही री, पाचच्या गाडीनं परत जातो हं." आमच्या शिरूरला रेल्वे नाही, यावरून तुम्ही लग्न ठरल्या दिवसापासून मला चिडवत आला होता. "रूळ न्हाई, शिट्टी न्हाई, ते गाव कसला गाव री!" पण त्या दिवशी तुम्ही चिडवत नव्हता. इथून पाचला गाडी सुटते, असं तुम्हाला खरंच वाटत होतं.

परवा दौंडच्या विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाला माणसं जमतील. शरणप्पा गुलबर्ग्याकडून कधी आले, सिग्नलच्या केबिनमध्ये किती वर्षं लिव्हर ओढले, रिटायर कधी झाले, हे कुणीतरी उभं राहून सांगेल. सांगू दे. मी गवंडी माणूस, चौथीत शाळा सोडलेली. नात म्हणाली, तुम्ही सांगा, मी शुद्ध करून लिहिते. मी नको म्हणालो. व्याह्याशी बोलायला मला मधे माणूस लागत नाही. एकदा लागला होता, ते पुढं येईलच.

थकलोय व्याही. हात लिहायला बसतो आणि थांबतो. तरी बोलतो.

तुमची सुमित्रा आमच्या घरी सून होऊन आली, तेव्हापासून तुम्ही शिरूरला किती वेळा आला असाल, पण मुक्काम एकदाही केला नाही. सकाळच्या एसटीनं यायचं, हातात पिशवी, पिशवीत शेंगाचटणी आणि त्या तुमच्या कडक भाकऱ्या. नातीला मांडीवर घ्यायचं, आणि जेवायची वेळ झाली की म्हणायचं, "मी खाऊन आलोय री." लेकीच्या घरचं खायचं नाही, हा तुमच्या घरचा नेम. आमच्यातही पूर्वी होता, पण नातवंड झालं की सुटायचा. नात झाली तेव्हा मी म्हणालो, "आता तरी बसा पानावर." तुम्ही हसून पाणी तेवढं प्यायलात. मी चिडायचो. "एक रात राहिला तर दौंडचे रूळ चोरीला जात्यात व्हय?" तुम्ही म्हणायचा, "रूळ न्हाई जात. माझा मान जातो." मी म्हणायचो, "आन् माझा? पाव्हणा उपाशी उठतो, तवा माझा न्हाई जात?" हे भांडण आपण कधी संपवलंच नाही. आता ते माझ्या एकट्याकडं राहिलं.

तर अशा माणसाला आजारानं लेकीच्या घरी आणून बसवलं. दौंडला तुम्ही रोज सकाळी उठून ड्यूटीवर जायला लागला होता. रिटायर होऊन तर कैक वर्षं झालेली. केबिनमधली नवी पोरं भली, चहा पाजून घरी आणून सोडायची. मग एक दिवस घरच सापडलं नाही. तुमची कारभारीण आधीच गेलेली, घरी वाट बघणारं कुणी नाही. सुमित्रा म्हणाली, आता इकडंच आणायचं. बरोबरच होतं तिचं.

पण शिरूरला आल्यावर तुम्ही खायचं बंद केलं. ताट समोर ठेवलं की भिंतीकडं तोंड. कधी म्हणायचा खाऊन आलोय, कधी काहीच नाही. सदऱ्याची गुंडी लावायची आणि काढायची, लावायची आणि काढायची. डोळ्यांतून पाणी यायचं तर अनिल म्हणायचा, "मोतीबिंदू असंल." घरात सगळे म्हणायचे, जेवलोय का नाही ते विसरतात. मी म्हणालो, "न्हाई. ह्यो विसरलेला माणूस न्हाई. ह्यो रुसलेला पन न्हाई. ह्याच्या आत कायतरी बसलंय." अनिल म्हणाला, "आबा, तुम्ही डॉक्टर हाय का?" मी म्हणालो, "न्हाई. व्याही हाय."

पुण्याच्या डॉक्टरीणबाई तुम्हाला आठवतील का, कोण जाणे. मला चांगल्या आठवतात, कारण त्यांनी मला बोलू दिलं. वार कोणता, महिना कोणता, तीन वस्तूंची नावं, सगळं विचारून झालं. तुम्हाला वार सांगता आला नाही. मग त्यांनी विचारलं, "बाबा, मन उदास असतं का?" तुम्ही खुर्चीत ताठ बसलात, सदरा खाली ओढलात आणि म्हणालात, "न्हाई साहेब. सगळा नॉर्मल." केबिनमधून स्टेशनमास्तरला सांगावं तसं. बाईंनी पुढचा प्रश्न काढला, तेवढ्यात मी म्हणालो, "थांबा. ह्ये खोटं हाय."

अनिलनं माझा गुडघा दाबला. "आबा, गप बसा."

बाई म्हणाल्या, "बोलू द्या त्यांना. काय खोटं?"

"ह्यांची मराठी ड्यूटीची मराठी हाय. सिग्नल, पॉइंट, लेट, राइट टाइम. तीत रडायला जागा न्हाई. साहेबानं विचारलं की ह्ये नॉर्मलच म्हननार."

बाईंनी चष्मा काढला. विसरण्याच्या आजारात उदासपण पुष्कळांना येतं, म्हणाल्या, आणि घरच्यांना वाटतं हे पण विसरणंच. त्यांच्याकडं सगळ्या भाषांची माणसं येतात. पिंपरीच्या एक सिंधी आजी म्हणतात छातीवर दगड आहे, कॅम्पातले एक तेलुगू काका म्हणतात अंग चालत नाही. उदास हा शब्द घेऊन फार थोडे येतात. "ह्यांना ह्यांच्या भाषेत कुणी विचारलंय का?"

आम्ही सगळ्यांनी सुमित्राकडं बघितलं. ती खाली बघत म्हणाली, "आई गेल्यापासून घरात कानडी कुणी बोललंच न्हाई."

घरी आल्यावर तिनं विचारलं. मी बाहेर ओट्यावर होतो, मला तिचा आवाज ऐकू येत होता. पोरगी सुरुवातीला अडखळली, मग बोलत राहिली. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. ती बाहेर आली, पदरानं तोंड पुसत. "मामा, मला न्हाई सांगत. डोक्यावरनं हात फिरवला आन् गप बसले."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. भाषा बरोबर होती, माणूस चुकीचं होतं. लेकीच्या घरात बसून बाप लेकीपाशी रडगाणं गाईल होय? तुम्ही तर नाहीच. तुमचं दुखणं ऐकायला बरोबरीचा माणूस पाहिजे होता, आणि बरोबरीचा माणूस घरात मी एकटा.

मग मी त्या वयात सुनेकडून कानडी शिकलो. एकच वाक्य. ती भाकरी थापायची आणि मी चुलीपाशी बसून घोकायचो. "ब्यासर आग्यादेन री?" मन बेजार झालंय का हो, असं. माझी जीभ वळेना. सुमित्रा हसून म्हणायची, "मामा, तुम्ही विचारताय का दम देताय?" नात तर माझी नक्कल करत घरभर फिरायची. मी म्हणालो, हसा. भिंत बांधायला शिकलो तेव्हा पण हसलेच होते लोक.

दुपारी तुमच्या खाटेपाशी जाऊन बसलो आणि म्हणालो ते वाक्य. तुम्ही माझ्याकडं बघतच राहिलात. मग हसलात, शिरूरला आल्यापासून पहिल्यांदा. म्हणालात, "व्याही री, तोंडात वाळू भरून बोलताय काय?" मीही हसलो. आणि हसता हसता तुमचं तोंड वाकडं झालं, आणि तुम्ही रडलात. लहान पोर रडतं तसं नाही. म्हातारा माणूस रडतो तसं, आवाज न करता, खांदे हलवत. आणि बोलत राहिलात, सगळं कानडीत. मला त्यातलं काही म्हणता काही कळलं नाही. मी आपला हूं म्हणत होतो. तुम्ही माझं मनगट धरलं होतं. लिव्हर ओढलेला हात तो. सुटल्यावरही माझं मनगट दुखत होतं.

सुमित्रा दाराआड उभी होती. तिला सगळं कळलं. संध्याकाळी मला म्हणाली, "अप्पा म्हणाले, हात चालत होते तवर कुणाच्या दारात बसून खाल्लं न्हाई. आता लेकीच्या दारात बसवून खायला घालत्यात, आन् जीव जाईना. म्हणाले, सुमित्राची आई मला न विचारता पुढं गेली. आन्..." एवढ्यावर ती थांबली. पुढचं मी पुन्हा पुन्हा विचारलं, ती सांगत नाही. अजून सांगितलेलं नाही. ते तुमच्या दोघांत राहू दे. पण मला त्याची टोचणी आहे व्याही, हे तुम्हाला सांगून ठेवतो. माझं मनगट धरून तुम्ही बोलला होता, आणि माझ्याच वाट्याला ते अर्धं आलं.

डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी मन हलकं व्हायची एक गोळी वाढवून दिली. पण गोळी उपाशीपोटी द्यायची नव्हती, आणि तुम्ही तर खाईनात. तिथं माझं डोकं चाललं. चाललं म्हणा की फिरलं म्हणा.

मी घरात सांगितलं, व्याह्यांना दौंडला त्यांच्या घरी न्यायचं, आणि मी तिथं त्यांच्याकडं राहायला जाणार. पाहुणा म्हणून.

अनिल भडकला. "आबा, मुलाचा बाप सुनेच्या माहेरी जाऊन राहणार? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. खरंच हाय."

"आन् तिथं स्वयंपाक कोण करणार?"

"ज्याचं घर त्यो."

सुमित्राला उमगलं होतं. मुलाकडचा व्याही दारात आलाय म्हटल्यावर तुमच्यासारखा माणूस त्याला उपाशी ठेवणार नाही, आणि त्याला एकट्याला जेवू देणार नाही. लग्नात तुम्ही शेवटची पंगत उठेपर्यंत पाण्याला शिवला नव्हता, आणि मग माझ्या शेजारी बसून, मी पहिला घास घेतल्यावर, जेवला होता. वार विसरलात, घर विसरलात. हे विसरला नसाल, यावर मी माझं सगळं लावलं.

न्हावरा, चौफुला, पाटस करत आपण दोघं एसटीनं गेलो. पाटसला उसाच्या गाड्या रस्त्यात आडव्या, एसटी खोळंबलेली. तुम्ही खिडकीतून बघत म्हणालात, "सिग्नल मिळाला न्हाई वाटतं."

दौंडच्या त्या दोन खोल्यांचं प्लास्टर मीच केलेलं. कुलूप काढून तुम्हाला पुढं घातलं आणि मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. ऊन डोक्यावर. तुम्ही आत जाऊन इकडं तिकडं बघितलंत, मग वळून मला दारात बघितलंत. बराच वेळ गेला. पण मी आत गेलो नाही. मग तुम्ही खुंटीवरचा टॉवेल खांद्यावर टाकलात, पाण्याचा तांब्या भरलात, सगळं सांडत दारापर्यंत आणलात आणि म्हणालात, "या री व्याही. बाहेर का?"

त्या दुपारी भात तुम्ही केला. म्हणजे मी केला, तुम्ही उभं राहून हुकूम सोडले. मीठ तुम्ही घातलं, आणि घातलेलं विसरून परत घातलं. दोन ताटं वाढली. तुम्ही म्हणालात, "ऊट माडरी," म्हणजे जेवा. मी म्हणालो, "आधी तुम्ही बसा." तुम्ही बसलात. मी घास घेतला, मग तुम्ही घेतला. भात खारट जहर होता. मी बोटं चाटून खाल्ला.

मला दौंडला काय काय ऐकावं लागलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. शेजारच्या मार्थाबाई, गोळ्या वेळेवर आहेत का बघायला यायच्या, त्याच तोंडावर म्हणाल्या, "आबा, तुमच्यात व्याही असा येऊन राहतो का हो?" नाक्यावरचा न्हावी म्हणायचा, "सुनेनं हाकललं वाटतं." मी म्हणायचो, "व्हय, हाकललं. तू दाढी कर." आयुष्यभर मी कुणाच्या घरी आगंतुक गेलो नाही. तुमच्याकडं गेलो आणि राहिलो. तुमच्यासाठी म्हणून गेलो खरा, पण खोटं कशाला बोलू, मलाही करमत होतं. माझी कारभारीण जाऊन कैक वर्षं झाली, तेव्हापासून मला कुणी जेवा म्हणून आग्रह केला नव्हता. सून वाढते, पोटभर वाढते. पण तुम्ही हात आडवा आला तरी वाढायचा. "पाव्हणा लाजतो काय री!" तुमच्या त्या आग्रहानं मी म्हातारपणी जाड झालो.

गोळीनं असेल, स्वतःच्या घरानं असेल, तुमचं भिंतीकडं तोंड करणं कमी झालं. सुमित्रा रविवारी यायची, तेव्हा तुम्ही तिला माहेरवाशिणीसारखं बसवायचा, हाताला काम लावू द्यायचा नाही. ती मोरीत जाऊन रडायची आणि तोंड धुऊन बाहेर यायची. तिच्याशी तुम्ही कानडीत बोलायला लागला. ती म्हणायची, "मामा, मी विसरलेले शब्द अप्पांना येत्यात." वार न सांगता येणारा माणूस लेकीला शब्द पुरवत होता.

पण आजार थांबत नव्हता. आधी मी व्याही होतो. मग तुम्ही मला कधी केबिनमधला जोडीदार समजायला लागलात, "चार्ज घ्या री, मी जातो." मग कधी कुणीच नाही. आणि मागच्या पावसाळ्यानंतर एक दिवस ताटं वाढली, मी वाट बघत बसलो, आणि तुम्ही जेवा म्हणालाच नाहीत. मी म्हणालो, "व्याही, पाव्हणा उपाशी हाय." तुम्ही भिंतीकडं वळलात. मला राग आला. कुणाचा ते विचारू नका. मी ओरडलो, "दारात आलेल्या माणसाला उपाशी ठेवता?" मार्थाबाई धावत आल्या. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तुम्ही उठायचा प्रयत्न करत होता, पाहुण्याला वाढायला, आणि उठता येत नव्हतं.

तेव्हापासून मी भरवायला लागलो. जेवा म्हणायचं काम माझ्याकडं आलं.

माझ्या मनात एक गोष्ट राहते. मी तुम्हाला दोन वर्षं यजमान बनवून उभं ठेवलं. आजारी माणसाला रोज पाहुणा. तुम्हाला त्यानं बळ आलं, की तुमचा जीव दमला? सुमित्राला विचारलं तर म्हणते, "मामा, तुमच्यामुळं अप्पा जेवले." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही केलं ते कुणी करत नाही. दोघी भल्या आहेत. पण मी ज्याला विचारतोय तो तुम्ही. तुम्ही असता तर खरं बोलला असता, आणि वर टोमणा मारला असता. मला त्या टोमण्याची भूक आहे.

आणि एक. त्या दिवशी तुम्ही रडलात म्हणून मी जिंकलो असं मला वाटलं होतं. सगळे विसर विसर म्हणत होते, मी म्हणालो होतो आत काहीतरी बसलंय. खरं ठरलं. पण खरं ठरून काय मिळतं व्याही? तुमचं दुःख मी ओळखलं, हटवलं नाही. काही दिवस त्याला दाराबाहेर बसवलं, एवढंच.

तुम्ही गेलात त्या दुपारी सुमित्रा तुमच्याजवळ होती, आपल्या घरात, तुमच्या घरात. सकाळी तिनं पेज भरवली, आणि तुम्ही ती गिळलीत, दोन-तीन चमचे. लेकीच्या हातची, पण बापाच्या घरची. तुमचा नेम मोडला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, उगाच कुणी काही म्हणायला नको. भीमेच्या काठावर संध्याकाळी सगळं उरकलं. तुमच्या धाकट्या भावाला, मल्लप्पाला, गुलबर्ग्याकडं फोन गेला होता, पण तो पोचेपर्यंत ठेवता येणार नव्हतं.

रात्री अनिल म्हणाला, "आबा, उद्या माझ्याबरोबर शिरूरला चला. तुमचं इथलं काम झालं." घरात माणसं होती, पण आलेल्याला या म्हणायला घरचं कुणी नव्हतं. सुमित्रा कोपऱ्यात बसली होती. ती आता लेक, तिनं बसूनच राहायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, तुमच्या दोन खोल्यांचं दार उघडं टाकलं आणि स्टेशनवर गेलो. सोलापूरकडची गाडी आली. मल्लप्पा उतरला, बरोबर त्याची बायको, दोघांचे डोळे सुजलेले. मला बघून तो वाकला. मी त्याच्या हातातली पिशवी घेतली. तो गडबडला. "न्हाई री, तुम्ही मुलाकडचे, सोडा," म्हणून ओढायला लागला. मी सोडली नाही. म्हणालो, "चला. भात टाकायचाय." आणि पिशवी खांद्याला लावून पुढं चालायला लागलो.